आईच्या गावची बारव

माझ्या आईला जुन्या दगडांचा राग होता. किल्ला असो, लेणी असोत, नाहीतर पडकं देऊळ. माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, नांदेडला एसटीत कंडक्टर होते आणि त्यांना या सगळ्याचं वेड होतं. घरच्यांसाठी पास मिळाला की लोक पाहुण्यांकडे जायचे, अप्पा आम्हाला माहूरला न्यायचे. पास नसला की कंधार. कंधारच्या किल्ल्याचा पाण्यानं भरलेला खंदक बघून मी आणि माझा भाऊ दरवेळी तसेच खुळावून जायचो. आत गेलो की अप्पा भिंतीवरच्या फारसी अक्षरांवरून बोट फिरवायचे. एक अक्षर वाचता यायचं नाही त्यांना, पण फिरवायचे.

आई दरवाजाच्या आत पाऊल टाकायची नाही. बाहेर लिंबाखाली डबा घेऊन बसायची. अप्पा म्हणायचे, "अगं, एवढ्या लांब आलीस, बघ तरी." ती म्हणायची, "ज्यांचं होतं त्यांनी बघितलं की." मग डबा उघडून आम्हाला भाकरी द्यायची, आणि परत येताना बसमध्ये आम्ही किल्ल्याचं काही बोलायला लागलो की खिडकीकडे तोंड करायची. मला तिचा राग यायचा. आपली आई अडाणी आहे असं मला तेव्हा वाटायचं, आणि मी ते तिला तोंडावर म्हटलेलंही आहे.

पुढे मला लातूरच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात नोकरी लागली. अप्पा गेल्यावर आईला मी लातूरला आणलं. लग्न मी केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. रविवार खायला उठायचा. औषधांच्या खिडकीवर बसणारी माझी एक मैत्रीण होती, हदगावकडची. ती एक दिवस म्हणाली, "घरी बसून काय करून राहिली? आमच्या ग्रुपमध्ये ये." तो जुन्या वास्तू बघत फिरणाऱ्या लोकांचा ग्रुप होता. डॉक्टर, वकील, बँकेतले, दोन-तीन शिक्षक. त्यांचे पुढारी म्हणजे कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक सर.

सरांना माहिती खूप होती, हे मी आजही नाकारत नाही. औशाच्या किल्ल्यात त्यांनी आम्हाला बुरुजावरची एकेक तोफ समजावून सांगितली. उदगीरला भर उन्हात तासभर बोलत राहिले आणि आम्ही तासभर ऐकत उभे राहिलो. मला ते दिवस आवडायचे. अप्पा असते तर किती खूश झाले असते असं दरवेळी वाटायचं.

फक्त खरोशाच्या लेण्यांत एक गोष्ट झाली. वर चढता चढता एका वकिलीणबाईंनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," त्या म्हणाल्या, "म्हणजे ही बुद्धाची मूर्ती आहे ती तुमच्यासाठी जास्त खास." मी म्हटलं, "पलीकडची शंकराची लेणीही मला बघायची आहेत. चालेल ना?" त्या हसल्या. मी हसले नाही. त्या दिवसापासून त्या माझ्याशी फार गोड बोलायच्या, आणि माझ्या डब्यातलं काही घ्यायच्या नाहीत. उपास आहे म्हणायच्या. एवढे उपास असतात का माणसाला, मला माहीत नाही.

एका बुधवारी सरांचा मेसेज आला. औशाहून निलंग्याकडे जाताना आत एक गाव आहे, तिथली जुनी बारव गावकऱ्यांनी आणि ग्रुपच्या काही मंडळींनी मिळून दोन महिने खपून साफ केली आहे. गाळ काढला, झुडपं तोडली, पायऱ्या मोकळ्या झाल्या. रविवारी कार्यक्रम, पोहे गावाकडून. गावाचं नाव वाचून मी दचकलेच. ते आईचं माहेर होतं.

आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. मी तिला सांगितलं. तिनं हातातली पाकळी ताटात ठेवली.

"कोणती बारव? मारुतीच्या मागची?"

"मला काय माहीत. पायऱ्यांची आहे म्हणतात."

"एकच हाय पायऱ्याची." तिनं दुसरी पाकळी उचलली. मग म्हणाली, "म्या बी येते."

मला फार बरं वाटलं. म्हातारपणी माणसाला माहेरची ओढ लागते, असं मी धरून चालले. मामा कधीचा जमीन विकून पुण्याला गेला होता, त्यामुळे आईचं गावाशी काही उरलेलं नव्हतं. ती तिकडे कितीतरी वर्षांत गेली नव्हती. मी मैत्रिणीला फोन करून सांगितलं की गाडीत एक जागा धर.

रविवारी आईनं ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं. गाडीत तिघी होतो, मैत्रीण गाडी चालवत होती. ती आईला म्हणाली, "काकू, माहेरी चालल्या म्हणून खूश हायेत ना?" आई म्हणाली, "बघू."

गावात शिरताना कमान होती, आईच्या काळी नसलेली. मारुतीचं देऊळ नवं, रंगीत, टाइल्सचं. मागं बारव. दगडी, चौकोनी, तीन बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेल्या, मधे देवळ्या, तळाशी हिरवट पाणी. काठावर मंडप, माइक, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. खरं सांगायचं तर बारव सुंदर होती. मी क्षणभर बाकीचं सगळं विसरून खाली बघत राहिले. सगळे पायऱ्यांवर उतरून फोटो काढत होते. मी आईला म्हटलं, "चल, हात धरते, उतरू."

"मला न्हाई उतरायचं," ती म्हणाली.

ती काठानं चालत वरच्या बाजूला गेली. तिथे एक सपाट शिळा होती, अर्धी मातीत गेलेली. त्या शिळेजवळ ती उभी राहिली, तिच्यावर नाही, शेजारी. मी जवळ गेले तर म्हणाली, "हितं उभं ऱ्हायचं आमच्या लोकांनी. ह्याच्या पुढं न्हाई."

मला हे ऐकून माहीत होतं. आमच्या घरांत ते सगळ्यांना माहीत असतं. बारवेत उतरायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही, काठावर घागर ठेवून उभं राहायचं, कुणा बाईच्या मनात आलं तर ती वरून ओतणार. धर्म बदलला तरी पुढची कैक वर्षं गावात तसंच. पण आईनं ते स्वतःच्या तोंडानं कधी सांगितलं नव्हतं आणि ती जागा मी कधी बघितली नव्हती. आता बघितली आणि माझं डोकं फिरलं.

तेवढ्यात माइकवरून बोलावणं आलं. आम्ही मागच्या रांगेत बसलो. गावचे उपसरपंच पुढे होते, पन्नाशीचे, पांढरे कपडे, बोलायला मऊ. त्यांनी सगळ्यांचे सत्कार केले. मग सर उठले. बारवेचा काळ, बांधणी, देवळ्यांतल्या मूर्ती, सगळं नेहमीसारखं नीट. आणि शेवटी म्हणाले, "मित्रहो, या बारवेनं शेकडो वर्षं समस्त गावाची तहान भागवली. पाणी भेद करत नाही. आपल्या पूर्वजांचा हा एकोपा आपण विसरलो. इथे आपण एक फलक लावणार आहोत, त्यावर हेच लिहिणार आहोत."

टाळ्या झाल्या. मी आईकडे बघितलं. ती सरांकडे बघत नव्हती. गर्दीत तिची नजर कुणाला तरी शोधत होती. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं ती खाली मान घालून सोसते आहे. मी उठले, पुढे गेले आणि माइक मागितला. सरांनी हसत दिला. त्यांना वाटलं आभार मानणार.

मी म्हणाले, "माझी आई या गावची लेक आहे. तिच्या घरच्यांना या बारवेत उतरायला बंदी होती. वर त्या शिळेपाशी ती तासन्‌तास उभी राहायची. समस्त गावाची तहान भागली नाही. फलकावर तेही लिहा."

कुणीतरी पोह्याची प्लेट खाली ठेवली त्याचा आवाज ऐकू आला. सरांनी माझ्या हातातून माइक घेतला, ओढला नाही, घेतला. "ताईंच्या भावना आपण समजू शकतो," ते म्हणाले. "तो काळ तसा होता. आज चांगला दिवस आहे, जुनं उकरण्यात अर्थ नाही."

"दोन महिने तुम्ही काय उकरत होता इथे?" मी म्हणाले.

वकिलीणबाई मागे वळून माझ्याकडे अशा बघत होत्या जसं मी काही सांडलं होतं. उपसरपंच मधे आले. "मॅडम, आमच्या गावात आता तसलं काही न्हाई. सगळे मिळून ऱ्हातो. ते जुने लोक गेले, त्यांच्या संगं ते बी गेलं."

तेव्हा मागून आईचा आवाज आला. ती उठून उभी राहिली होती. "सगळे कुठं गेलेत," ती उपसरपंचांना म्हणाली. "तुजी माय हाय न्हवं?"

उपसरपंच गोंधळले. "आई? हाय की. घरीच हाय. तुम्ही वळखता?"

"तुजं तोंड तिच्यावानी हाय. मला तिच्याकडं ने."

त्यांना ते नको होतं, हे दिसत होतं. पण एवढ्या लोकांसमोर पाहुण्या म्हातारीला नाही कसं म्हणणार. घर समोरच होतं, बारवेपासून हाकेच्या अंतरावर, नवं, गच्चीचं. पुढच्या ओट्यावर एक म्हातारी सतरंजीवर बसून शेंगा निवडत होती. आईच्याच वयाची, अंगानं जाड, डोळ्यांवर जाड भिंगं. आई ओट्याच्या पायरीजवळ थांबली. मी तिच्या मागे. उपसरपंच म्हणाले, "आई, कोण आलंय बघ. ह्या म्हणतात तुझ्या वळखीच्या हायेत."

म्हातारीनं डोळे बारीक केले. आईनं आपलं माहेरचं नाव सांगितलं आणि बापाचं सांगितलं. म्हातारीच्या तोंडावर सावकाश हसू पसरलं.

"अगं बया. तू व्हय? ये ये, वर ये. बस." मग मुलाकडे वळून म्हणाली, "ही लई गोड गाणं म्हणायची रे. काय गळा होता हिचा. पाण्याला आली की आम्ही सगळ्या पोरी हिला गाणं म्हणाय लावायचो. हिचं गाणं ऐकाय बाया घागरी भरून थांबायच्या. अजून म्हणतीस का गं?"

मी आईला जन्मात गाताना ऐकलं नव्हतं. आम्हा भावंडांना निजवतानासुद्धा ती नुसती पाठीवर थोपटायची. भीमजयंतीला वस्तीतल्या बाया गायच्या तेव्हा ती टाळ्याही वाजवायची नाही, गप बसून राहायची. तिला गाता येत होतं हे मला त्या ओट्यापुढे कळलं.

आई वर चढली नाही. "म्या गाणं म्हणत न्हवते," ती म्हणाली. "पाणी मागत होते."

"म्हंजी?"

"गाणं म्हण, मग वततो, असं कोण म्हणायचं? तू. येक झालं की म्हणायची आणखी येक. घरी भाऊ तापानं फणफणलाय म्हणून सांगितलं तरी म्हणायची आणखी येक. आन् मग वरून असं वतायची की निम्मं माझ्या परकरावर."

म्हातारीचं हसू तसंच राहिलं, पण आता ते तिथे विसरल्यासारखं दिसत होतं. "पोरी होतो गं आपण. पोरीपोरीत चालतंय."

"पोरीपोरीत न्हवतं. तुला गाणं म्हण म्हणायची माझी पाळी कवाच आली न्हाई."

"येवढं पोटात धरून बसलीस व्हय?" आता म्हातारी चिडली. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "म्या तरी वतत होते. बाकीच्या बघत बी न्हवत्या तुमच्याकडं. तुला पाणी घातलं म्हणून माझ्या आजीनं मला चुलीतल्या लाकडानं मारलंय. हे बघ." तिनं पदर सारून कोपराजवळचा जुना डाग दाखवला. "कुणासाठी खाल्ला ह्यो मार?"

आईनं त्या डागाकडे बघितलं. मला वाटलं, आता ती ढिली पडेल. माणसं ढिली पडतात अशा वेळी.

"मग नको होतं घालायचं," आई म्हणाली. "नसतं घातलं तर म्या दुसऱ्या गावच्या वढ्याला गेले असते. गाणं तरी म्हणावं लागलं नसतं."

"बघ रे," म्हातारी मुलाला म्हणाली. "चांगलं केलेलं असं फेडतेत हे लोक."

'हे लोक' हा शब्द मला ऐकू आला आणि उपसरपंचांनाही. त्यांनी मान खाली घातली आणि सुनेला चहा आणायला सांगितलं. "आमाला घाई हाय," आई म्हणाली आणि वळली. पाठीमागून म्हातारी अजून बोलत होती, तवाबी तू अशीच वाकड्या तोंडाची होतीस, असं काहीतरी. आईनं मागे वळून बघितलं नाही.

मंडपात परत आलो तर ग्रुपचे लोक निघायच्या तयारीत होते. आमच्याशी कुणी बोललं नाही. गाडीत मैत्रीण लामजना गावापर्यंत नुसती गिअर बदलत होती. मग मला म्हणाली, "सरांनी किती मेहनत घेतली होती माहीत हाय का तुला? तू सगळ्यांच्या मेहनतीचं मातेरं करून टाकलं." मी म्हटलं, "माझ्या आईनं तिथे काय मेहनत घेतली ते तू ऐकलंस का?" ती म्हणाली, "तेच तेच किती दिवस उगाळून राहायचं?"

घरी आल्यावर मला वाटलं आई रडेल, किंवा बोलेल, किंवा मला जवळ घेईल. तिनं लुगडं बदललं, घडी घालून ठेवलं आणि मला म्हणाली, "तुला माइकवर बोलाय कोण सांगितलं होतं?"

मी चकित झाले. "तुझ्यासाठीच बोलले मी."

"ते माझं भांडण होतं. माझं आन् तिचं. तू ते चार गावाच्या लोकापुढं मांडलंस. पुन्यांदा माझाच तमाशा झाला का न्हाई? तवा काठावरच्या बाया बघायच्या. आज हे."

"पण ते खोटं बोलत होते, आई. फलक लावणार होते."

"लावू दे की. मला फलक वाचाय येतोय का? मला तिच्या तोंडाकडं बघायचं होतं. बघितलं असतं मी गुमान." ती आतल्या खोलीत गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. आजही मला वाटतं की मी बोलले ते बरोबर होतं. तिला वाटतं की नव्हतं. आमचं त्यावर कधीच एकमत झालं नाही.

सरांचा फोन आठवड्यानं आला. आवाज एकदम सभ्य. ते म्हणाले, ग्रुपचं वातावरण खराब झालं आहे, काही लोक नाराज आहेत, मी काही दिवस न आलेलं बरं. मी म्हटलं, येत नाही, पण फलकावर एक ओळ घाला. त्या शिळेबद्दल. फक्त एक ओळ, की इथे कोण उभं राहायचं.

"ते वादग्रस्त होईल," सर म्हणाले.

"तुम्ही औशाला तोफेबद्दल सांगितलं ते वादग्रस्त नाही? तोफेनंही माणसंच मेली असतील ना."

"तो इतिहास आहे, ताई."

"आणि हे काय आहे?"

त्यांनी फोन ठेवला आणि संध्याकाळपर्यंत माझं नाव ग्रुपमधून गेलेलं होतं. मैत्रीण दुपारचा डबा दुसऱ्या बायांबरोबर खायला लागली. समोर आली की मान हलवते. मीही हलवते. त्याच्या पलीकडे आता काही उरलेलं नाही, आणि खरं सांगते, मला त्याची चुटपूट लागत नाही. एवढ्या एका वाक्यानं जी मैत्री गेली ती आधी तरी कुठे होती.

फलक लागला. कामासाठी निलंग्याला गेले होते तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून बघून आले. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, समस्त ग्रामस्थांची तहान, सगळं होतं तसंच. काठावर लोखंडी कठडा बसवला होता आणि कठड्याच्या पायासाठी ती शिळा काढून टाकली होती. मी एका माणसाला विचारलं, इथला दगड कुठे गेला. तो म्हणाला, कोणता दगड? मी बोट दाखवलं तिथे सिमेंट होतं.

हे मी आईला सांगितलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात उपसरपंचांचा फोन आला. माझा नंबर कुठून मिळवला देव जाणे. म्हणाले, आई अंथरुणाला खिळली आहे, तुमच्या आईची आठवण काढते, एकदा दोन शब्द बोलू द्या. मी आईला सांगितलं. तिनं टीव्हीचा आवाज कमी केला आणि नुसता हात पुढे केला. मी फोन तिच्या हातात दिला आणि आवाज मोठा केला, कारण तिला कमी ऐकू येतं.

पलीकडून म्हातारीचा दम लागलेला आवाज आला. "म्या बोललालेव. वळखलीस का? येऊन जा गं एकदा. लई वाटतंय बोलावं. आता किती दिवस ऱ्हायले माझे."

आई ऐकत होती. तिच्या तोंडावरची एक रेघ हलली नाही.

"तेवढं एक गाणं म्हणून दाखव," पलीकडून आवाज आला. "फोनवर म्हण. ते पाळण्याचं. ऐकावं वाटलालंय."

आईनं फोन कानापासून काढून तोंडासमोर धरला. मग म्हणाली, "म्हणणार न्हाई," आणि फोन माझ्याकडे दिला. रागानं नाही, मोठ्यानं नाही. दळण आणायला सांगावं तसं.

पलीकडे उपसरपंच काहीतरी बोलत होते. मी फोन बंद केला. आईला विचारलं, कोणतं गाणं होतं ते. ती म्हणाली, "इसरले," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. ती विसरलेली नव्हती. तिच्या तोंडाकडे बघून ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे तिलाही कळत होतं.